शुभ फाईलमधले बिनबोलावलेले पावणे

साठीच्या पुढची माणसं आणि कॉम्प्युटर एका खोलीत ठेवले की किस्से शोधायला बाहेर जावं लागत नाही. मॉनिटरवर धूळ बसते तसे ते आपोआप बसतात. सकाळी पुसा, दुपारी परत थर! मंगळवार पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात तर इतका थर साचलाय की मैत्रिणी चहाला बोलावतात तेव्हा आधी विचारतात, "आज अण्णांनी काय केलं?"

अण्णा म्हणजे दुकानाचे मालक. मूळचे पेठ वडगावचे. अक्षरांचे खिळे जुळवून छापायच्या काळापासून या धंद्यात आहेत. कॉम्प्युटर आला तेव्हा भल्याभल्यांनी छापखान्यांना कुलपं लावली, अण्णांनी मात्र कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि कामाला बसले. त्याबद्दल मला आदर आहे. बाकी कशाबद्दल नाही!

मी बीसीए करून इथं लागले. घरचे म्हणाले होते, "चार दिवस जा, मोठ्या माणसांकडनं शिकून घे." अजून शिकवतेच आहे.

आता सांगते ते सगळे किस्से एका वर्षाच्या आतले, नेसरीच्या गुरुजींचं पुस्तक आमच्याकडं होतं तेव्हाचे.

\*\*\*

आधी शुभ फाईल काय ते सांगायला पाहिजे.

अण्णांनी वर्डमध्ये केलेलं पहिलं काम म्हणजे कदम मामांच्या मुलीची लग्नपत्रिका. ती पत्रिका कदम मामांना आवडली, लग्न थाटात झालं, दुकान चाललं. तेव्हापासून अण्णांनी नवीन फाईल म्हणून उघडलीच नाही! कुठलंही काम आलं की ती पत्रिकेची फाईल उघडायची, जुना मजकूर पुसायचा, नवा टाकायचा आणि वेगळ्या नावानं सेव्ह करायची. त्यात काही नवं सजवलं तर ते शुभ फाईलमध्येही साठवून ठेवायचं. पाडव्याला तिची पूजा. म्हणजे खरोखर! स्क्रीनवर फाईल उघडून समोर उदबत्ती.

वर्डमध्ये स्टाइल म्हणजे मजकुराला घालायचा तयार कपडा. अक्षर केवढं, रंग कुठला, चौकट आहे का नाही, हे सगळं एका नावाखाली शिवून ठेवलेलं असतं. नाव निवडलं की कपडा अंगावर चढला. मजकूर पुसला तरी कपडे कपाटात राहतात. आणि अण्णांच्या कपाटात अख्ख्या जिल्ह्याचे कपडे होते.

मी पहिल्यांदा ती यादी उघडली आणि माऊसचं चाक फिरवत बसले. 'कदम लग्न'. 'कदम लग्न ठळक'. 'कदम लग्न ठळक खरं'. 'दूध संस्था तांबडं'. 'श्रद्धांजली बारीक'. 'सरपंच मोठा'. त्याच्या खाली, 'सरपंच पडल्यावर'.

"अण्णा, हे काय हाय सगळं?"

"गिऱ्हाईकं हाईत आपली."

"काढून टाकू?"

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणाला घरातनं हाकलायला निघालेय.

"पोरी, माणसं जोडायला आयुष्य गेलं माझं. आन् तू डिलीट म्हणतीस?"

\*\*\*

गुरुजी आले त्या दिवशी मला एक शोध लागला. अण्णा कुणालातरी घाबरतात!

पांढरं धोतर, हातात छत्री, कोटाच्या आतल्या खिशात दोऱ्यानं बांधलेला पेनड्राइव्ह. गुरुजींनी दारातनं नुसतं "भरत" म्हटलं आणि अण्णा उठून उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावत! वडगावच्या शाळेत गुरुजींनी अण्णांना शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते नेसरीला, आपल्या गावी जाऊन राहिले आणि गावाच्या आठवणींचं पुस्तक लिहीत बसले. नातवानं दिलेल्या लॅपटॉपवर, एका बोटानं, स्वतः.

"प्रकाशनाचा दिवस ठरवलाय," गुरुजी म्हणाले. "शाळेच्या हॉलमध्ये. गाव येणार आहे. पुस्तक त्या दिवशी लोकांच्या हातात पाहिजे, आणि नीट पाहिजे. माझ्या वयाच्या माणसानं दुसऱ्या आवृत्तीची वाट बघायची नसते."

मी पेनड्राइव्ह लावला आणि म्हटलं, "गुरुजी, मी नवीन कोरी फाईल करते."

"कोरी कशाला?" अण्णा मध्येच. "गुरुजींचं काम हाय. शुभ फाईलमध्येच घ्यायचं!"

आणि घेतलं. माझ्या डोळ्यांदेखत गुरुजींचं अख्खं गाव कदम मामांच्या मांडवात जाऊन बसलं.

\*\*\*

त्याच आठवड्यात पेठेतल्या एका तालीम मंडळाचे अध्यक्ष गणपतीची कार्यक्रमपत्रिका करायला आले. नावांचं पान तयार होतं. अध्यक्षांनी अण्णांच्या शेजारी खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाले, "माझं नाव जरा मोठं करा की."

अण्णांनी नाव निवडलं, मोठं केलं. पानावरची सगळी नावं मोठी झाली!

झालं होतं असं, की सगळी नावं एकाच स्टाइलमध्ये होती आणि त्या स्टाइलला 'आपोआप अपडेट' अशी खूण कधीतरी लागून गेली होती. एकाला केलं की सगळ्यांना होणार. पण अण्णा कशाला विचारतात! त्यांनी अध्यक्षांचं नाव आणखी मोठं केलं. खजिनदार आणखी मोठा झाला. मग ठळक केलं. मांडववाला ठळक झाला. मग तांबडं केलं.

"अहो, माईकवाला तांबडा झाला की!" अध्यक्ष ओरडले. "मी तुमच्याकडं आलोय का त्यो?"

मी लांबनं मजा बघत होते. खरं सांगते, मुद्दाम उठले नाही.

"ह्या कॉम्प्युटरला अध्यक्ष कोण आन् माईकवाला कोण कळत न्हाय व्हय?" अध्यक्ष माझ्याकडं वळून म्हणाले.

म्हटलं, "कळतं. मानत नाही!"

शेवटी मी ती खूण काढली आणि विचारलं, आता तुमचं एकट्याचं मोठं करू का? अध्यक्षांनी पान न्याहाळलं. सगळी नावं एका मापाची, एका रंगाची. डोकं खाजवत म्हणाले, "राहू दे असंच. दरवर्षी ह्या नावांवरनंच मारामारी हुती. औंदा सगळीच फुगल्यात तर कोण कुणाला बोलणार?"

\*\*\*

पेठ वडगावची स्नेहल पीएचडी करते. विषय, ग्रामीण भागातलं अंधश्रद्धा निर्मूलन. ती प्रबंध घेऊन आली तेव्हा मी दाताच्या डॉक्टरकडं होते. म्हणजे काम अण्णांनी घेतलं. म्हणजे शुभ फाईल.

दोन दिवसांनी स्नेहल लालबुंद होऊन दुकानात. प्रबंधातल्या प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर छापलं होतं, '॥ श्री कुलदेवता प्रसन्न ॥'. भोंदूबाबांवरच्या प्रकरणाच्या डोक्यावर तर जरा जास्तच ठसठशीत दिसत होतं!

हे कुठनं आलं तर कदमांच्या पत्रिकेतनं. मथळ्याच्या स्टाइलमध्ये क्रमांकाच्या जागी अण्णांनी तेव्हा ही ओळ बसवली होती. मथळा आला की देवी हजर. आणि क्रमांक असल्यामुळं ती ओळ माऊसनं निवडता येत नाही, पुसता येत नाही.

"अण्णा, तुम्हाला दिसलं नाही हे?" मी विचारलं.

"दिसलं की. पुसायला गेलो."

"मग?"

"हातच लागंना." अण्णांचा आवाज एकदम हळू झाला. "म्हटलं, हात लागत न्हाय म्हंजे देवाचं आसंल. राहू दे."

स्नेहलनं कपाळाला हात लावला. तिच्या मार्गदर्शकांनी समासात पेन्सिलनं एवढंच लिहिलं होतं, 'निष्कर्ष बदलला आहे काय?'

\*\*\*

स्नेहलचा प्रबंध मी कोऱ्या फाईलमध्ये घेतला, एकूण एक फालतू स्टाइल काढली, आरशासारखा लख्ख केला. कॉलेजनं तो परत पाठवला! कारण, 'आमच्या अधिकृत नमुन्याप्रमाणं नाही.'

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आण तुझा तो अधिकृत नमुना, बघू तरी काय दिवे लावलेत.

तिनं नमुन्याची फाईल आणली. मी उघडली, स्टाइलची यादी काढली आणि चाक फिरवलं. 'कदम लग्न'. 'कदम लग्न ठळक'. 'कदम लग्न ठळक खरं'!

कॉलेजमधल्या कुणीतरी कधीकाळी तो नमुना आमच्याच दुकानात टाइप करून नेला होता. तेव्हापासून तिथले सगळे विद्वान कदमांच्या पत्रिकेत डॉक्टर होत होते.

मी स्क्रीन अण्णांच्या तोंडासमोर फिरवली. म्हटलं, आता तरी लाज वाटेल. "बघा, बघा कुठवर गेलीय तुमची घाण!"

अण्णांनी चष्मा लावला. वाचलं. चेहरा असा उजळला की विचारू नका. फोन उचलला आणि कदम मामांना लावला.

"मामा, पेढं वाटा! तुमची पत्रिका कॉलेजात लागली!"

\*\*\*

इकडं गुरुजींच्या पुस्तकाचे हाल सुरू होते. प्रकरण संपलं की तांबडी चौकट उगवायची. ती 'दूध संस्था तांबडं'ची. अण्णा चौकट हातानं काढायचे, दुसऱ्या पानावर निघायची. मी म्हणायचे, मूळ स्टाइल काढा. ते म्हणायचे, तू गप बस.

मग त्यांना जुना धंदा आठवला. पूर्वी पानावर काही चुकलं की वरनं कागदाची पांढरी पट्टी चिकटवायचे. अण्णांनी वर्डमध्ये पांढरे चौकोन काढले आणि प्रत्येक तांबड्या चौकटीवर नेऊन बसवले! पान झकास दिसायला लागलं. मजकूर जरा वरखाली झाला, की पट्ट्या भलतीकडं.

गुरुजी प्रुफं बघायला आले. त्यांनी एक पान उचलून उजेडाकडं धरलं.

"भरत, इथल्या फोटोत आमच्या गावचे पाटील होते."

"व्हय गुरुजी."

"कमरेपासनं खाली आहेत. वरचे कुठं गेले?"

अण्णा उभे. "पट्टीखाली हाईत, गुरुजी."

मी संधी सोडली नाही. गुरुजींना खुर्चीसकट स्क्रीनसमोर ओढलं, स्टाइलची यादी उघडली आणि सगळं सांगून टाकलं. गुरुजींनी एकेक नाव मोठ्यानं वाचलं. वर्गात हजेरी घेतात तसं. 'सरपंच पडल्यावर' आलं तिथं थांबले.

"हा कोण?"

"शिरोळकडचा हाय कुणीतरी," अण्णा म्हणाले. "काय करत न्हाय गुरुजी, नुसता बसलाय."

"माझ्या पुस्तकात ही परकी माणसं कशाला बसली आहेत? काढ सगळी."

"हो, गुरुजी."

झालं! मी दोन वर्षं घसा फोडत होते. गुरुजींना एक वाक्य पुरलं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण इतका राग आला की मी बाहेर जाऊन चहा पिऊन आले.

\*\*\*

सफाईच्या दिवशी अण्णा अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून आले.

सगळ्या स्टाइल्स एकदम निवडून एका फटक्यात काढता येतात. मी बोट ठेवलं तेवढ्यात अण्णांनी माऊस धरला.

"असं न्हाय. एकेकाला सांगून काढायचं."

आणि खरंच, एकेक नाव वाचून, एकेकाचा निरोप घेऊन! "दूध संस्था, या आता." "श्रद्धांजली बारीक, आत्म्याला शांती लाभो." दुपारचं जेवण झालं तरी यादी संपेना. शेवटी 'कदम लग्न' राहिलं. अण्णा थांबले. म्हणाले, "ही तू काढ. माझ्यानं व्हायचं न्हाय." मी काढली. आवाज नाही, काही नाही. पुस्तकातल्या चौकटी गेल्या, मथळे जागेवर बसले आणि नेसरी गाव पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

अण्णा पुढं वाकून बघत राहिले. "आयला," ते म्हणाले, "हे तर लईच सोपं हाय की!"

\*\*\*

नवा भक्त जुन्यापेक्षा वाईट, हे मला माहीत असायला पाहिजे होतं.

मी अण्णांना एकच गोष्ट शिकवली. सगळा मजकूर निवडायचा आणि कंट्रोल दाबून स्पेस. मजकुरावर कुणी हातानं काही चढवलं असेल, रंग, ठळकपणा, वेगळा फाँट, तर ते सगळं उतरतं आणि अक्षर मूळच्या साध्या रूपात येतं. अण्णांना त्याचं वेडच लागलं. येईल त्या फाईलवर कंट्रोल-स्पेस! दुकानात शिरणाऱ्या माणसाला चपला काढायला लावावं तसं.

पेठेतल्या महिला मंडळाच्या एका वहिनींनी हळदीकुंकवाची पत्रिका मोबाईलवर स्वतः सजवून आणली होती. गुलाबी अक्षरं, वळणदार फाँट, मध्येच सोनेरी. अण्णांनी उघडली, "अरारारा" म्हणाले आणि दाबलं. प्रिंट वहिनींच्या हातात दिली.

वहिनींनी वाचली, उलटी करून बघितली.

"अण्णा, मी बायकांना वाण द्यायला बोलावलंय, का कोर्टात साक्षीला?"

\*\*\*

आता नेसरीचं सांगते.

गुरुजींना लेखनात काही पटलं नाही तर ते पुसत नसत, त्यावर आडवी काट मारत. मास्तरकीची सवय. चूक खोडायची पण दिसली पाहिजे! लॅपटॉपवरही तसंच. वर्डमधल्या काट मारायच्या बटणावर त्यांचा फार जीव. मला म्हणाले होते, "काट मारलेलं छापायचं नाही. पण शेवटच्या दिवसापर्यंत राहू दे, माझा विचार बदलला तर." मीही म्हटलं, छपाईच्या दिवशी सकाळी काट असलेली सगळी वाक्यं एकदम शोधून काढून टाकेन. मिनिटाचं काम.

छपाईवाल्यानं फाईल एक दिवस आधी मागितली. मी मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेले होते. अण्णांनी फाईल उघडली, पानोपानी आडव्या रेघा बघितल्या, 'पोरीनं केवढी घाण ठेवलीय' म्हणाले आणि सगळं निवडून कंट्रोल-स्पेस दाबलं. रेघा गेल्या. वाक्यं राहिली. मी फोनवर विचारलं, "काट मारलेलं काढलं का?" अण्णा म्हणाले, "लख्ख!"

पुस्तकं छापखान्यातनं परस्पर नेसरीला गेली, तीही प्रकाशनाच्या दिवशीच, बांधलेल्या गठ्ठ्यात. आम्ही प्रकाशनालाच पोचलो. शाळेचा हॉल भरलेला. पहिल्या रांगेत गुरुजींची बायको, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, नव्या लुगड्यात. प्रमुख पाहुणे गावचे जुने सरपंच, आबा. आबांनी पुस्तकात आपलं नाव शोधलं, माईक जवळ घेतला आणि खणखणीत आवाजात वाचायला लागले.

"शाळेला जागा आबांनी दिली. गावानं त्यांचे उपकार विसरू नयेत." टाळ्या झाल्या. आबा पुढं वाचतच राहिले. "मात्र देण्याआधी त्यांनी मला दर सुट्टीत चपला झिजेपर्यंत फिरवलं, आणि शेवटी दिली ती ओढ्याकाठची, जिथं म्हशीसुद्धा बसत नव्हत्या."

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मला सगळं कळलं. व्यासपीठावर गुरुजींचा चेहरा पांढराफटक. आयुष्यातलं एकच पुस्तक, आणि त्यात खोडलेलं सगळं गाव समोर बसलेलं!

आबांनी चष्मा काढला.

"हे खोटं हाय," आबा म्हणाले. "म्हशी बसत न्हवत्या म्हंजे काय? आमची बसायची की!"

हॉल फुटला. मग काय विचारता! जो तो पुस्तक उघडून आपलं पान शोधायला लागला. "ए, तुझ्या आज्याचं बघ काय लिवलंय!" "आरं, तुझ्या बापानं दुसऱ्याच्या हिरीत मोटर टाकलेलं बी हाय!" माणसं एकमेकांना बोलावून बोलावून वाचून दाखवत होती. गुरुजी घाईघाईनं माईकवर आले.

"मंडळी, ऐका. ही वाक्यं मी खोडली होती. काट मारली होती. दुकानात चुकून ती काट पुसली गेली. त्यांच्याकडं लक्ष देऊ नका."

अण्णा मागच्या रांगेत आपोआप उभे राहिले होते, मान खाली घालून.

तेवढ्यात आक्कांच्या शेजारी बसलेल्या शाळेतल्या बाईंनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. आक्कांना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "मला बी वाचून दावा की काहीतरी." बाई वाचायला लागल्या आणि बाजूचे लोक आपोआप गप्प होत गेले.

"खरं म्हणजे हे पुस्तक माझं नाही. मी वर्षभर वडगावच्या शाळेत. गाव मला दिसलं कधी? सुट्टीला आलो की ही भाकरी थापताना एकेक सांगायची आणि मी ऐकायचो. मी फक्त लिहून काढलं. हे तिला सांगायचं राहून गेलं."

बाई थांबल्या. आक्कांनी व्यासपीठाकडं बघून विचारलं,

"हे बी खोडलं हुतं?"

गुरुजी माईकसमोरच होते. हळूच म्हणाले, "व्हय." ते माईकवरनं सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

आक्का उठल्या. लुगड्याचा पदर सारखा केला आणि खुर्च्यांमधनं वाट काढत थेट मागं आल्या, अण्णांच्या समोर.

"काट पुसणारा तूच न्हवं?"

"चुकलं आक्का," अण्णा म्हणाले.

"जेवल्याबिगर जायाचं न्हाई," आक्का म्हणाल्या. "आन् त्यास्नी वाढायचं का न्हाई, ते मी मागनं बघते."